नागपूरहून कोकणकिनारी, गाडी आणि तंबू घेऊन: आधी भरती, मग नकाशा

दत्तजयंतीची संध्याकाळ. मालवणजवळच्या आचऱ्याच्या अलीकडच्या एका किनाऱ्यावर साडेपाचच्या सुमाराला आम्ही दोघी पोचलो, मी आणि माझी नणंद. दोघींच्या दोन मोटरसायकली. समोर कोरडी पुळण इतकी रुंद पसरली होती, की पाणी कुठे आहे ते डोळे बारीक करून बघावं लागत होतं. सुरूच्या बनापासून पन्नास पावलं खाली उतरलो, सपाट जागा बघितली आणि तंबू ठोकला. वाटेनं जाणाऱ्या एक आजी थांबल्या. म्हणाल्या, "गो बाय, हयसर नको. रातीक पाणी येतला."

आम्ही तंबू वीस पावलं मागे घेतला. एवढं पुरे असं दोघींनाही वाटलं. रात्री अकराच्या पुढे पाठीला गार लागलं. उठून बसेपर्यंत तंबूचं तळ पाण्यावर हलत होतं. नणंदेची गाडी साइड स्टँडसकट रेतीत रुतून कलली होती आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकाभोवती पाणी फिरत होतं. बॅटरीच्या उजेडात दोघींनी मिळून एकेक गाडी बनापर्यंत ढकलली. पहाटे दोनला त्याच आजींच्या पडवीत आम्ही कोऱ्या चहाचे पेले धरून बसलो होतो.

त्या रात्री आमचं काय चुकलं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर सहलीची आखणी करायची माझी सगळी रीतच बदलली. नागपूरच्या माणसाला रस्ता कळतो, ऊन कळतं, गाडी कळते. समुद्राचं वेळापत्रक आपल्या अंगात नसतं. ते शिकून घ्यावं लागतं, आणि रजेचा अर्ज टाकायच्या आधी शिकावं लागतं.

तिथी बघून रजा टाका

समुद्राला रोज दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते. आजची भरती उद्या साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब असा: त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. दशमी असेल तर साडेसात. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. ही वेळ सकाळचीही धरायची आणि संध्याकाळचीही. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. थोडी मिनिटं मागेपुढे होतात, पण भिंतीवरचं कॅलेंडर बघून स्वयंपाकघरात उभ्याउभ्या करता येईल असा याहून सोपा हिशोब मला माहीत नाही.

आता आमची ती पौर्णिमा बघा. पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराला पूर्ण भरती आणि संध्याकाळी सव्वापाचला पूर्ण ओहोटी. आम्ही साडेपाचला पोचलो तेव्हा समुद्र जास्तीत जास्त मागे गेलेला होता. त्यातून पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी ओहोटीला फार लांब जातं आणि भरतीला फार वर चढतं. म्हणजे तंबू लावायच्या वेळी किनारा सगळ्यात मोठा दिसतो, त्याच रात्री तो सगळ्यात लहान होतो.

अष्टमीच्या आसपास याच्या उलट. त्याला भांगाची भरती म्हणतात. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आणि वेळ? आठ गुणिले पाऊण, सहा. सप्तमीला सव्वापाच, नवमीला पावणेसात. तुम्ही तंबूची जागा शोधत असता नेमकं तेव्हाच पाणी पूर्ण चढलेलं असतं. कुठवर येतं ते उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. रात्री ते तुमच्यापासून दूर जात राहतं आणि पहाटे सहाच्या सुमाराला परत येतं, तेव्हा तुम्ही जागे झालेले असता.

म्हणून माझं ऐकाल तर किनाऱ्यावरचे आठ दिवस चतुर्थी ते एकादशी असे बसवा. मधला मुक्काम अष्टमीचा. आधी पंचांग, मग साहेबांकडे अर्ज. महिना मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे ढोबळमानानं डिसेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात कोकणात उकाडा असतो आणि वीजवादळाची भीती असते. मार्चपासून घाम थांबत नाही. पावसाळ्यात तंबू घेऊन समुद्राकाठी जायचंच नाही.

किलोमीटर नको, खाड्या मोजा

आपण झिरो माइलच्या गावचे, त्यामुळे प्रवास म्हटला की पहिला प्रश्न 'किती किलोमीटर?' इकडे ते ठीक आहे. नागपूर ते अमरावती दीडशे किलोमीटर तीन तासांत होतात. किनाऱ्यावर हा हिशोब चालत नाही. अलिबागजवळच्या मांडव्यापासून मालवणपर्यंत समुद्राकाठानं अंतर साधारण पाचशे भरतं, पण वळणं, चढउतार, गावातली अरुंद बोळं आणि मध्ये आडव्या येणाऱ्या खाड्या धरल्या तर ताशी पंचवीस पकडा. दिवसाला सत्तर ते नव्वद किलोमीटर पुष्कळ झाले. पहिल्या वेळी आम्ही दिवसाला दोनशे धरले होते. दुसऱ्याच दिवशी अंधारात खाडीच्या धक्क्यावर पोचलो आणि शेवटची फेरीबोट गेलेली होती.

खाड्या ओलांडायला फेरीबोटी आहेत. तिकडे 'जंगलजेट्टी' असंही म्हणतात. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार येतात. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पुलांची कामं हाती घेतली आहेत, पण बोटीनं जायची संधी आहे तोवर बोटीनंच जा. आखणी करताना प्रत्येक दिवसाला एकच बोट ठेवा आणि ती दुपारी एकच्या आत ओलांडा. आदल्या दिवशी मुक्कामाच्या घरी वेळ विचारून घ्या.

बोटीवर चढताना उतरता धक्का ओला आणि शेवाळलेला असतो. पहिल्या गिअरमध्ये, पाय खाली सोडून, पुढचा ब्रेक अजिबात न दाबता जायचं. वर गेल्यावर इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, आणि पलीकडे पोचेपर्यंत हँडल हातात.

तिथवर पोचायचं कसं

समृद्धी महामार्ग आपल्या दारातून, शिवमडक्यापासून निघतो आणि ७०१ किलोमीटरवर मुंबईच्या दाराशी पोचतो. पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. कुणी 'रात्रीचं कोण बघते' म्हणालं तरी जाऊ नका. सव्वाशेनं धावणाऱ्या मोटारींच्या मध्ये सामान लादलेली दुचाकी ही धोक्याची गोष्ट आहे.

उरतात दोन वाटा. एक, गाडी रेल्वेत घालून मुंबई. दुसरी, बुटीबोरी, वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. हजाराच्या जवळपास किलोमीटर, तीन दिवस. मी जाताना रेल्वे आणि येताना रस्ता घेते. नव्या माणसाचा जोर किनाऱ्यावर खर्च व्हावा, नांदेडच्या अलीकडे नव्हे. शिवाय येताना गाडीचा आणि सामानाचा अंदाज आलेला असतो, तेव्हा लांबचा रस्ता जड जात नाही.

रेल्वेत गाडी टाकायची तर टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते. पार्सल ऑफिसच्या बाहेर बारदान आणि गवत लावून गाडी बांधून देणारी माणसं असतात. आरसे आदल्या दिवशी घरीच काढून पिशवीत ठेवा, आणि हेडलाइट व पेट्रोलच्या टाकीवर जास्तीचं बारदान मागून घ्या. पुठ्ठ्यावर नाव, कुठून कुठे आणि फोन ठळक लिहून दोन ठिकाणी बांधा. तुमच्याकडे त्याच रेल्वेगाडीचं तिकीट असेल तर दुचाकी 'लगेज' म्हणून जाते, नाहीतर 'पार्सल' म्हणून. आपल्यासोबतच ती चढेल असं गृहीत धरू नका. एक दिवस हाताशी राखून ठेवा. बांधलेली गाडी सोडवायला चाकू आणि उतरल्यावर पंपापर्यंत ढकलायला दोघी, एवढी तयारी हवी. रजेच्या दिवसांत जागा मिळणं कठीण, म्हणून ऑफिसात आधी जाऊन विचारून या.

आम्ही संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसनं निघतो आणि सकाळी सीएसएमटीला उतरतो. तिथून भाऊचा धक्का काही किलोमीटरवरच आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीत, दुचाकी चढते. तासाभरात तुम्ही रायगड जिल्ह्यात असता आणि मुंबईतून बाहेर पडायचा सगळा त्रास वाचतो. ही बोट २०२० साली सुरू झाली आणि आपल्यासारख्यांची मोठीच सोय झाली.

सामान

माझी गाडी १५० सीसीची, २०१६ ची. तिला या प्रवासात काहीही कमी पडलं नाही. गाडी मोठी हवी हा गैरसमज आहे. सामान कमी हवं. माणशी पंधरा किलोच्या वर जायचं नाही, आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा वजनकाट्यावर सारख्या करायच्या. आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्या दादांचा काटा मी याच कामासाठी वापरते. जड वस्तू खाली आणि पुढे, सीटच्या जवळ. हलक्या मागे. बांधायला दोरी नको, ती सैल पडते. बकलाचे पट्टे वापरा, नाहीतर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून घ्या. पहिल्यांदा घेतल्या तेव्हा आमचा मेकॅनिक म्हणाला होता, "ताई, येवढं लादून कुठं जाऊन राहिल्या?" मग त्यानंच एक युक्ती दिली: जुन्या क्लच केबलच्या शेजारून नवी केबल टाकून टेपनं चिकटवून ठेवायची. वाटेत तुटली तर दोन टोकं बदलली की झालं. त्याशिवाय क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, प्लग, फ्यूज, पंक्चरचं सामान, हवेचा छोटा पंप. टायरमधली हवा कंपनीनं भारासाठी सांगितलेली असते तेवढी.

तंबू दुहेरी कापडाचा घ्या. कोकणात हिवाळ्यात दव इतकं पडतं की एकेरी तंबूत सकाळी आतून थेंब गळतात. इतवारीत ताडपत्री मापानं कापून मिळते. तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी बोटभर लहान कापून घ्या, कारण बाहेर आलेल्या कडेवर दव साचतं आणि थेट खाली शिरतं. झोपायच्या जाड पिशव्या नेऊ नका. डिसेंबरात नागपूर गारठलेलं असतं म्हणून आपण भरमसाट पांघरुणं बांधतो, पण तिकडे एक सोलापुरी चादर पुरते. गरम कपडे लागतात ते पहाटेच्या रेल्वेसाठी आणि परतीच्या घाटासाठी.

तंबूच्या खुंट्या हा वेगळाच विषय आहे. आपल्या काळ्या मातीत खुंटी ठोकली की काढताना घाम फुटतो. रेतीत तीच खुंटी दोन बोटांनी निघते. त्यासाठी सहा जुन्या कापडी पिशव्या न्या. पिशवीत रेती भरायची, तोंड बांधायचं, त्याला तंबूची दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल आडवी पुरायची. वर रेती दाबून बसवायची. वारा कितीही येवो, हलत नाही. साइड स्टँडखाली ठेवायला लोखंडी पत्र्याचा चपटा तुकडा हवाच. तो विसरलात तर कोकणात जांभ्या दगडाची कपची कुठेही मिळेल.

स्टोव्ह मी नेत नाही. गॅसचा डबा रेल्वेत चालत नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे ज्यांच्या अंगणात राहायचं त्यांच्या घरी जेवण सांगितलं तर त्यांना चार पैसे मिळतात आणि आपल्याला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी मिळते. मासे खाणाऱ्यांचं तर विचारूच नका. घरून फक्त चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि यजमानांसाठी संत्राबर्फीची पाकिटं. पाकिटं मोजून न्या, प्रत्येक मुक्कामाला एक आणि वर दोन जास्त.

निघायच्या पंधरा दिवस आधी एक रात्र सराव करा. आम्ही गाडी पूर्ण लादून रामटेककडे जातो, खिंडसीजवळ ओळखीच्यांच्या शेतावर तंबू लावतो आणि सकाळी परत येतो. शंभर किलोमीटरमध्ये कुठली पट्टी सैल पडते, काय उगाच आणलं आणि काय राहिलं, सगळं कळतं. मी पहिल्या सरावानंतर अर्धी बॅग रिकामी केली होती.

तंबूची जागा

दुपारी चारनंतर गाडी चालवायची नाही, जागा शोधायची. डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधारतं. दोन तास हातात असले तर माणूस शांतपणे निवडतो.

पुळणीवर भरतीनं आणलेल्या कचऱ्याची रेघ दिसते. वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या, प्लॅस्टिक. बहुतेक ठिकाणी अशा दोन रेघा असतात. खालची ओली रेघ आजची. वरची कोरडी, उन्हानं पांढरी पडलेली रेघ मागच्या उधाणाची. आपण धरायची वरची. त्याच्याही वर जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या पानांची एक वेल रेतीवर पसरलेली दिसेल. तिचं नाव मर्यादवेल. समुद्राची मर्यादा दाखवते म्हणून मर्यादवेल. माझा तंबू तिच्या मागे असतो, तिच्यावर कधीच नसतो, कारण तिच्या मुळांनी ती रेती धरून ठेवलेली असते. गाडीही तिच्यावरून नेऊ नका.

पण खरं सांगायचं तर आता मी उघड्या पुळणीवर राहतच नाही. नारळी-पोफळीच्या वाडीत किंवा घराच्या अंगणात राहते. बायकांनी तर असंच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. गावात शिरल्यावर किराणा दुकानात विचारायचं, "काकू, कुणाच्या वाडीत एक रात्र तंबू लावू देतील का? जेवणही सांगायचंय." दुसऱ्या-तिसऱ्या घरी होकार मिळतो. संडास-बाथरूमचा प्रश्न सुटतो, प्यायला विहिरीचं पाणी मिळतं आणि घरच्यांचं लक्ष असतं. पैसे आधी ठरवा. उद्या कुठे जाणार हे त्यांना सांगून निघा, आणि नागपूरला घरीही रोज संध्याकाळी ठिकाण कळवा. काही किनाऱ्यांवर फोन लागत नाही, म्हणून हे दिवसा, रेंज असतानाच करून टाका. सुरूचं बन आवडलं तर ते वन खात्याचं की ग्रामपंचायतीचं हे विचारा आणि परवानगी घेऊनच राहा.

वाडीत तंबू लावताना वर बघा. माडाखाली कधीही नाही. नारळ सांगून पडत नाही, आणि वाळलेली झावळी पडली तरी तंबू फाटतो. आंब्याखाली लावणार असाल तर पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी आहेत का ते बघा. आणि खाली बघा. कोकणातल्या कातळावर, दगड रचून केलेल्या कुंपणात, म्हणजे गडग्यात, फुरसं असतं. साप लहान, पण विषारी. गडग्यापासून दहा पावलं लांब राहा, रात्री बॅटरी आणि बूट घातल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि सकाळी बूट झटकून घाला.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. नागपुरात ते परीक्षेपुरते राहिले. किनाऱ्यावर ते तुमच्या तंबूतून जातात. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, रात्री उशिरा तो जमिनीकडून समुद्राकडे वळतो. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून तंबू लावला तर रेती आत येते. मी दार आडवं, किनाऱ्याला समांतर दिशेला ठेवते आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवते. हवा खेळली की आत दव कमी धरतं.

आठ दिवस कसे जातात

पहिला दिवस मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत बघता येतो. चतुर्थीला भरती तीनची, म्हणजे ओहोटी सकाळी नऊची. मांडव्याला पोचायला उशीर झाला तर किल्ल्याचा हट्ट सोडा आणि पुढे निघा. परत येताना पाणी चढू लागलं तर अडकायला होतं.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याची बोट, मग दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. दिवेआगर ते शेखाडी आणि पुढे श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता अगदी पाण्याच्या कडेनं जातो. या सगळ्या वाटेत मला कुठला तुकडा सर्वांत जास्त आवडतो असं विचाराल तर हाच. सकाळी उन्हं डोंगराच्या मागून येतात, रस्त्यावर सावली असते आणि समुद्रावर उजेड. इथे कुठेतरी गाडी बाजूला लावून तासभर काहीच करू नका. यासाठीच ते 'दिवसाला सत्तर किलोमीटर'.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वी, बाणकोट आणि वेळास. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांसोबत २००२ पासून तिथे संवर्धनाचं काम उभं केलं. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात, म्हणून पिल्लं बघायची तर फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये जावं लागतं. आपण डिसेंबर-जानेवारीत गेलो तर मादी येण्याचेच दिवस असतात. वेळास, केळशी, आंजर्ले या पट्ट्यात पुळणीवर तंबू नाही, शेकोटी नाही, रात्री हेडलाइट पाण्याकडे वळवायचा नाही. उजेड दिसला तर मादी अंडी न घालताच परत फिरू शकते. इथे गावातल्या घरातच राहा.

पुढे आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. हर्णैहून सरळ दाभोळला न जाता दापोलीला चढून या. पेट्रोल, एटीएम, औषधं, साखळीला तेल, सगळं एका फेरीत होतं. किनाऱ्याच्या लहान गावांत पंप नसतात, म्हणून नियम असा ठेवा: टाकी अर्धी झाली की पहिला दिसेल तो पंप. श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण. आणि सुट्टे पैसे जवळ ठेवा. फोननं पैसे द्यायला रेंज लागते.

दाभोळची बोट, गुहागरचा मुक्काम. नंतर वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची. खडकातल्या चिरेतून पाणी घुसतं आणि उंच उसळतं. कुलाब्याला ओहोटी हवी, इथे भरती हवी. आठव्या दिवसापर्यंत तुम्ही 'किती वाजता पोचू' हे घड्याळाकडे न बघता तिथीवरून ठरवायला लागता. बामणघळीच्या कडेला मात्र जाऊ नका. खडक निसरडा असतो आणि मोठी लाट सांगून येत नाही. तवसाळहून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या वळणावरून रत्नागिरी. रत्नागिरीला एक रात्र लॉजवर राहते मी, कपडे धुवायला.

मग पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण. हा दोन दिवसांचा भाग पहिल्यापेक्षा निवांत आहे. गर्दी कमी, कातळ मोठे, आभाळ मोठं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघा. १६६४ साली शिवाजी महाराजांनी त्याचं बांधकाम सुरू केलं. समुद्र ज्यांना कळत होता अशा माणसांनी बांधलेला किल्ला आहे, हे आठवडाभर भरत्या मोजल्यावर जास्त जाणवतं.

पोहण्याबद्दल एकच. आपण तलावात पोहणारी माणसं. ओहोटीच्या वेळी पाणी आत ओढतं. गावातला माणूस 'इथे उतरू नका' म्हणाला की नाही उतरायचं. अडचण आली तर ११२.

मीठ

पुळणीवर गाडी चालवायची नाही. पुष्कळ ठिकाणी बंदी आहेच, आणि ओल्या रेतीत अडकलेली गाडी भरतीच्या आत निघाली नाही तर ती गेलीच समजा. काठाकाठानं गेलात तरी खारी हवा लागतेच. रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं चाकं, साखळी, सायलेन्सर, ब्रेकच्या चकत्या पुसायच्या. दर चारपाचशे किलोमीटरला साखळीला तेल, आणि किनाऱ्यावर असाल तर एक दिवसाआड. खाऱ्या पाण्यात चाक गेलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. त्या दत्तजयंतीनंतर मी दोन दिवस तशीच चालवली. नागपूरला आल्यावर मागचं बेअरिंग बदलावं लागलं.

परतताना मालवणहून कणकवली, फोंडा घाट, कोल्हापूर. पहिला मुक्काम कोल्हापूरला, दुसरा सोलापूर किंवा तुळजापूरला, तिसरा नांदेडला, चौथ्या दिवशी दुपारी घरी. ताज्या अंगानं तीन दिवसांत होणारं अंतर येताना चार दिवसांत करा, थकलेलं अंग चुका करतं. सोलापूरच्या पुढे अंगाला चिकटलेली दमट हवा सुटते आणि यवतमाळच्या पुढे कापसाच्या गाड्या दिसायला लागतात.

घरी आलं की पहिलं काम गाडी धुणं, अगदी अंघोळीच्याही आधी. मडगार्डच्या आतून, साखळीच्या कव्हरमधून, बॅटरीच्या खालून पाणी मारायचं. तंबू गोड्या पाण्यात बुडवून गच्चीवर सावलीत दोन दिवस वाळत घालायचा, चेन उघड्या ठेवून, कारण रेतीचा एक कण राहिला तरी चेनचे दात खातो. आणि तो वाळत असताना पुढच्या वर्षीचं कॅलेंडर काढून मार्गशीर्ष आणि पौषातल्या चतुर्थी ते एकादशी पेन्सिलीनं खूण करून ठेवायच्या. आमच्याकडे त्या खुणा नणंद करते आणि आचऱ्याच्या आजींना फोन करून विचारते, "या दिवसांत येऊ का?"